जुन्या पीसीला नवा मॉनिटर जोडताय? या चुका टाळा

जुना पीसी टाकवत नाही म्हणून लोक माझ्याकडं दुरुस्तीला आणतात, ते ठीकच. पण येण्याआधी घरी सगळे प्रयोग करून झालेले असतात आणि निम्मा घोळ तिथंच झालेला असतो.

सगळ्यात जास्त दिसतो तो उलटा कन्व्हर्टर. जुन्या मदरबोर्डाला मागं मॉनिटरसाठी फक्त निळं व्हीजीए पोर्ट असतं आणि नव्या मॉनिटरला बऱ्याचदा नुसतं एचडीएमआय. व्हीजीएचा सिग्नल अ‍ॅनालॉग, एचडीएमआयचा डिजिटल. मध्ये चिप लागते, साध्या वायरीनं भागत नाही. ती चिपही एकाच दिशेनं चालते. दुकानात सर्रास मिळतो तो एचडीएमआयचं व्हीजीए करणारा, लॅपटॉपला प्रोजेक्टर लावणाऱ्यांसाठीचा. आपल्याला हवा व्हीजीएचं एचडीएमआय करणारा, शक्यतो यूएसबीवरून पॉवर घेणारा. गंमत अशी, की चुकीचाही दोन्हीकडं व्यवस्थित बसतो.

सांगलीच्या गावभागातल्या एका काकांचा पीसी २०१९ च्या पुरात माळ्यावर चढवला म्हणून वाचला. त्यावर ते लग्नपत्रिका करतात. मुलानं पुण्याहून मॉनिटर पाठवला, काकांनी हाच उलटा कन्व्हर्टर लावला. पडद्यावर 'नो सिग्नल'. मग भाचा आला, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचा. त्यानं रॅम काढून खोडरबरानं पुसली. जुना मॉनिटर लावला, त्यावर सगळं स्वच्छ दिसत होतं, तरी 'ड्रायव्हर गेलाय' (म्हणजे पडदा चालवणारं सॉफ्टवेअर) म्हणत सी ड्राइव्ह फॉरमॅट केला! पत्रिका डी ड्राइव्हला होत्या, त्या राहिल्या. मराठी फॉन्ट गेले. जुने फॉन्ट युनिकोड नसतात, म्हणजे इंग्रजी अक्षरांनाच मराठी रूप देतात; ते गेले की 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंस. काका म्हणाले, "गणपतीच उडवला की रं यानं."

म्हणून फॉरमॅटआधी मी विंडोजचं फॉन्ट फोल्डर पेनड्राइव्हवर घेतो, मग चहा, मग बाकीचं. घाई असलेल्यांनी दुसरीकडं जावं.

विंडोज नव्यानं टाकल्यावर अक्षरं जाडजूड दिसली की मॉनिटर बदलायला धावू नका. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' लिहिलेलं असेल, तर ग्राफिक्सचा ड्रायव्हरच टाकलेला नाही. बोर्डावर छापलेला मॉडेल नंबर बघा आणि कंपनीच्या साइटवरून तोच ड्रायव्हर घ्या. 'एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर' देणारी सॉफ्टवेअरं माझ्या टेबलावर चालत नाहीत. ती काढण्यातच दुपार जाते.

विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. तरी कोअर टू ड्युओसारख्या जुन्या प्रोसेसरवर जुगाड करून विंडोज ११ बसवू नका. फक्त पत्रिका करायच्या असतील तर ७ ठेवा, नेट काढा. नेट हवंच असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही सिस्टिम टाका.

डीडीआर२ रॅमच्या खाचेत डीडीआर३ बसत नाही, दाबू नका. ३२ बिट विंडोजला ८ जीबी रॅम घालणं म्हणजे पैसे कृष्णेत, एवढी रॅम तिला वापरताच येत नाही.

आणि ग्राफिक्स कार्ड बसवलंत तर केबल कार्डाला लावा. ती बोर्डाच्याच पोर्टात ठेवून 'कार्ड डेड आलंय' म्हणत दुकानदाराशी भांडणारे दर महिन्याला भेटतात.