कॅराव्हॅन दारात ठेवायची की स्टोरेजला?

ब्रिटनमध्ये जुनी कॅराव्हॅन (गाडीमागे ओढत न्यायचं चाकांवरचं घर) घ्यायचा विचार असेल, तर ती उभी कुठे करणार हे आधी ठरवा. घराचे कागद काढून नीट वाचा. बऱ्याच नव्या वसाहतींत घरापुढे कॅराव्हॅन उभी करायला करारातच मनाई असते, आणि हे अनेकांना शेजाऱ्याची तक्रार आल्यावरच कळतं.

दारात ठेवण्याचा खरा फायदा हिवाळ्यात समजतो. बॅटरी चार्ज करता येते, अधूनमधून आत जाऊन ओल धरली आहे का ते बघता येतं. मात्र जागा रिकामी दिसली की तुम्ही सहलीला गेलात हे साऱ्या गल्लीला कळतं. हिच लॉक (गाडीला जोडायच्या जागेचं कुलूप) आणि व्हील क्लॅम्प (चाक अडकवणारं कुलूप) दोन्ही लावाच.

स्टोरेज, म्हणजे कॅराव्हॅन भाड्याने ठेवायची जागा, निवडताना ‘कासोआ’ या स्टोरेज चालकांच्या संघटनेने सुरक्षेसाठी दिलेली ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशी श्रेणी विचारा. चांगल्या श्रेणीवर काही विमा कंपन्या हप्ता कमी करतात. तिथे बहुधा वीज नसते, आणि अलार्म व ट्रॅकर बॅटरी हळूहळू संपवतात. बॅटरी संपली की ट्रॅकरही कालांतराने बंद पडतो, म्हणून छोटं सोलर पॅनेल बसवून घ्या. थंडीआधी टाकी आणि नळ्यांतलं पाणी पूर्ण काढा, नाहीतर ते गोठून नळ्या फुटतात.

जागा बदलली तर विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. पॉलिसीतला पत्ता वेगळा निघाला तर चोरीचा दावा नाकारला जाऊ शकतो.