पोरांच्या दोस्तीवर जुन्या काळातली कादंबरी लिहायचीय? आपल्या साताऱ्याकडची असेल तर आधी हे वाचा

दोन पोरांची दोस्ती, जुना काळ, आणि गाव आपलंच सातारा-सांगलीकडचं, अशी कादंबरी लिहायचीय म्हणणारे मला बरेच भेटतात आणि जवळपास सगळ्यांचं पहिलं पान सेम असतं, १९४२, चले जाव, घोषणा, झेंडा. अहो दहा वर्षांच्या पोराला चले जाव कशाला माहीत असेल, त्याला एवढंच माहीत की आज मास्तर शाळेत आले नाहीत आणि त्यामुळं नदीवर जायला मिळालं.

म्हणून आधी घटना गोळा करत बसू नका, आधी पोरांची वयं ठरवा. ऑगस्ट ४२ ला पोरगा दहाचा धरला तर ४८ च्या फेब्रुवारीत तो पंधरा-सोळाचा होतो, म्हणजे मिसरूड फुटेपर्यंतचा अख्खा काळ तुम्हाला आयता मिळाला. या सहा वर्षांत आपल्याकडं काय नाही झालं, ९ सप्टेंबरला वडूजच्या मोर्चावर गोळीबार, दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला, मग नाना पाटलांचं प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना न जुमानता गावोगाव चालवलेला स्वतःचा कारभार, २४ जुलै १९४३ ला वसंतदादा आणि सोबतचे लोक सांगलीच्या तुरुंगातनं पळाले, तटावरनं खंदकात उड्या टाकून. हे सगळं कादंबरीत घालायचा मोह होतो, मलाही झालेला, पण घालू नका. पोराच्या उंचीवरनं जेवढं दिसतं तेवढंच घ्या.

म्हणजे कसं ते सांगतो. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं पगाराचे पैसे नेणारी रेल्वेगाडी लुटली, तारीख सगळे लिहितात. पण शेतकऱ्याच्या पोराला ७ जून म्हणजे मिरिग, मृग नक्षत्र लागायचा दिवस! घरात पेरणीचा घोर, बाप आभाळाकडं बघतोय, आणि कुणीतरी येऊन सांगतंय की रेल्वे अडवली. बाप म्हणतो पाऊस आला का ते सांग आधी. हा सीन लिहिला की इतिहास वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

तसंच पत्रीचं. बैलाला पाडून, पाय बांधून खुराला पत्री मारतात ते पोरानं नेहमी बघितलेलं असतं. मग एका रात्री मोठी माणसं दबक्या आवाजात बोलतात की अमक्याला पत्री मारली, आणि पोराच्या डोळ्यापुढं तो बैल येतो. खबऱ्यांच्या तळपायांवर मारायचे म्हणून लोकांनी नावच पाडलं पत्री सरकार. आता तो अमक्या म्हणजे दोस्ताचा चुलता असेल तर? बघा, कथा तिथं सुरू झाली. नाना पाटलांना समोर बसवून लांबलचक डायलॉग मात्र देऊ नका प्लीज, अंधारात चार माणसं गेली आणि आईनं भाकरी बांधून दिली एवढं पुरतं.

दोस्त कुठला घ्यायचा हे नीट ठरवा, सगळी कादंबरी त्याच्यावरच उभी राहणार. तेव्हा सांगली जिल्हा नव्हताच, दक्षिण सातारा झाला तो १९४९ ला आणि सांगली हे नाव १९६० ला. त्याआधी सांगली वेगळं संस्थान, मिरज वेगळं, कुंडल आणि किर्लोस्करवाडी औंध संस्थानात आणि शेजारचं तासगाव इंग्रजांच्या खालसा मुलखात. म्हणजे एक पोरगा औंधातला आणि दुसरा खालसातला घेतला तर दोघांचं रान शेजारी पण राज्य वेगळं, लपाछपीला याच्यापेक्षा भारी मैदान कुठं मिळणार.

मी स्वतः एक शेतकऱ्याचा आणि एक कुलकर्ण्याचा घेतलाय. कारण ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाला आणि पुढच्या दिवसांत आपल्याकडं गावोगाव ब्राह्मणांची घरं जाळली. यावर आपल्याकडं लोक पटकन गप्प होतात. तुम्ही गप्प बसायचं नाही पण भाषणही करायचं नाही, फक्त जाळायला निघालेल्या गर्दीत आपल्या पोराला ओळखीची माणसं दिसू द्या, रोज विटीदांडू खेळताना पाणी पाजणारी. तो काय करतो ते तुम्ही ठरवा, पण त्याला उगाच हिरो करू नका, पंधराचं पोर आहे ते, घाबरणारच. हा विषय झेपत नसेल तर साताऱ्यात भाऊराव पाटलांचं बोर्डिंग घ्या, १९२४ पासनं सगळ्या जातीची पोरं एका पंगतीत, तिथंही भरपूर आहे.

भाषेचं एक. कुलकर्ण्याचा पोरगा घरात ‘अरे कुठे होतास’ आणि रानात आला की ‘आरं लका, कुटं हुतास’. दोस्ती किती मुरलीय हे ‘लका’ किती सहज येतं त्यावरनं दाखवा. आणि एक दिवस तो रानातसुद्धा घरच्यासारखा बोलतो, बस, वाचकाला कळतं काहीतरी बिनसलंय.

माहिती गोळा करायला १८८५ चं सातारा गॅझेटियर बघा, पिकं, बाजार, रस्ते सगळं आहे, फक्त ते साठ वर्षं आधीचं हे ध्यानात ठेवा. खरी माहिती म्हाताऱ्यांकडं. त्यांना वय विचारू नका, निम्म्यांचा वाढदिवस मास्तरांनी १ जून लावलेला असतो, त्यापेक्षा विचारा, तवा तुमी गुरं राखायचा का नांगर धरायचा? लगेच काळ कळतो.

आणि ड्राफ्ट झाला की त्यांच्यातल्याच कुणाला तरी वाचून दाखवा. मी नव्वदीच्या एका आजोबांना वाचून दाखवला, ४२ च्या श्रावणातला सीन, माझा पोरगा भोकाचा पैसा करदोट्यात ओवून दोस्ताला देतो, मला तर स्वतःलाच भरून आलेलं. आजोबा म्हणाले, भोकाचा पैसा तवा कुठला रं, त्यो नंतर आला. घरी येऊन बघितलं तर खरंच, १९४३ चा. आता अख्खा श्रावण पुढच्या साली ढकलतोय.