सिझर लिफ्टचा हिशेब सगळ्यात खालच्या कोनावर करा

वडोदऱ्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या (जीआयडीसी) शेडमध्ये ट्रकच्या फाळक्यापर्यंत माल चढवायला एकाच कात्रीची सिझर लिफ्ट, म्हणजे कात्रीसारख्या फुलीतल्या आर्मवर वर जाणारा प्लॅटफॉर्म, बनवायची आहे असं धरू. माल १००० किलो, प्लॅटफॉर्म २०० किलो, चार आर्म मिळून १०० किलो. आर्म पिनपासून पिनपर्यंत १५०० मिमी, जमिनीशी कोन १० ते ५० अंश.

आधी वजन. आर्मचा मध्य प्लॅटफॉर्मच्या निम्म्यानेच चढतो, म्हणून त्यांचं अर्धंच वजन धरा: एकूण १२५० किलो, म्हणजे १२.२६ किलोन्यूटन.

उचलणारा हायड्रॉलिक सिलेंडर आडवा आणि खालच्या सरकत्या रोलरला जोडलेला असेल, तर बल = वजन ÷ टॅन(कोन). ५० अंशांवर १०.३ किलोन्यूटन पुरतात, १० अंशांवर ६९.५ लागतात! अर्धवट वर उचललेल्या स्थितीत काढलेला हिशेब म्हणूनच फसतो: लिफ्ट जमिनीवरून हलतच नाही. सिलेंडर तिरका असेल तर ड्रॉइंगमध्ये तो १ मिमी सरकवा आणि प्लॅटफॉर्म किती चढला ते मोजा. ५ मिमी चढला तर बल वजनाच्या ५ पट. घर्षणासाठी वर निदान १५ टक्के ठेवा.

८० मिमी बोअरच्या (आतल्या व्यासाच्या) सिलेंडरला, घर्षण सोडून, ढकलताना तेलाचा १३८ बार दाब लागतो. तोच खेचणारा आणि रॉड ४५ मिमीचा असेल, तर रॉडचं क्षेत्रफळ वजा जातं आणि २०२ बार लागतात. १६० बारच्या पॉवरपॅकवर (तेलाचा दाब देणाऱ्या पंपाच्या संचावर) तो उचलणारच नाही. ही चूक बहुतेक वेळा सिलेंडर विकत आणल्यावरच लक्षात येते.

आता मधली पिन, म्हणजे फुलीतले दोन आर्म जिथे जोडले जातात ती. माल मधोमध असला की तिच्यावर उभं बल शून्य असतं, आडवं मात्र पूर्ण येतं: प्रत्येक बाजूला ३४.८ किलोन्यूटन. ३० मिमीच्या पिनला कातरणारं बल तिच्या एकाच छेदावर येतं, म्हणून ताण ४९ एमपीए (न्यूटन प्रति चौरस मिमी). ईएन ८ या मध्यम कार्बनच्या पोलादाला हे सहज झेपतं.

खरी परीक्षा आर्मची. मध्याशी वाकवणारं आघूर्ण प्रत्येक आर्ममध्ये २.२६ किलोन्यूटन-मीटर, शिवाय खालच्या अर्ध्या भागात ३४.८ किलोन्यूटन दाब. बुशसाठी (पिनभोवतीच्या नळीसाठी) ३६ मिमीचं भोक वजा करून ८०×१६ च्या फ्लॅटमध्ये १४६ + ४९ = १९५ एमपीए होतात. २५० एमपीए यील्डच्या (त्यापुढे कायमचं वाकणाऱ्या) एमएसमध्ये, म्हणजे साध्या पोलादात, हे कागदावर बसतं, पण स्टॅकरवाल्याने पॅलेट कडेला ठेवला आणि ७० टक्के भार एका बाजूच्या आर्मवर गेला की २७३. आर्म वाकला! १००×२० घेतला तर मधोमध ९८, कडेला १३८. वजन वाढतं, पण मी इथे कंजूषी करणार नाही; वाढलेलं वजन घेऊन सिलेंडरचं बल मात्र पुन्हा काढा.

वेल्डिंगबद्दल एक गोष्ट पक्की ठेवा. भोकाजवळ आर्मच्या वरच्या कडेला ओढ असते. तिथे लग (सिलेंडर वगैरे जोडायचा कान) किंवा पट्टी वेल्ड केली की चीर तिथूनच सुरू होते. लग जोडायचाच असेल तर आर्मच्या उंचीच्या मध्यावर, भोकापासून लांब. आणि त्या जागचं वाकणं वेगळं तपासा.