जुनी कॅम्री हायब्रिड घेताय? आधी मागच्या सीटमागे बघा

भोसरीच्या एमआयडीसीत मी एकवीस वर्षं ड्राइव्ह आणि कंट्रोल पॅनलच्या मेंटेनन्सचं काम करतोय. २०२१ च्या दिवाळीनंतर मी टोयोटाची २०१५ ची कॅम्री हायब्रिड घेतली, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर अशा दोन्हींवर चालणारी गाडी. घरच्यांनी, शेजाऱ्यांनी आणि ओळखीच्या दोन मिस्त्रींनी एकच प्रश्न विचारला : "बॅटरी गेली तर?" तेव्हा गाडी ९४,००० किलोमीटर चाललेली होती, आज १,३८,००० वर आहे. बॅटरी मूळचीच आहे. बाबांचे गुडघे धरलेले असतात, त्यांना मागे पाय लांब करून बसता यावं म्हणून ही गाडी घेतली. त्यासाठी तिच्याइतकी चांगली गाडी या पैशांत मला दुसरी दिसली नाही.

ही गाडी स्वस्त का मिळते, ते आधी समजून घ्या. भारतात ती २०१३ साली आली. जोडणी कर्नाटकात बिडदीच्या कारखान्यात व्हायची. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला आणि हायब्रिडवर २८ टक्के कर अधिक १५ टक्के सेस, म्हणजे ४३ टक्के बसला. नवी गाडी एकदम महागली. आधीच कमी खपणारी गाडी रस्त्यावर आणखी कमी दिसू लागली, म्हणून तिच्यावर हात बसलेले मिस्त्री कमी, आणि म्हणून घेणारा घाबरतो. तुम्हाला गाडी नीट पारखता आली, तर ही भीती भावात तुमच्याच बाजूने उभी राहते.

या गाडीत खरं तर दोन गाड्या आहेत. पुढे २.५ लिटरचं ऍटकिन्सन पद्धतीचं (कमी पेट्रोल खाणारं) १६० पीएसचं पेट्रोल इंजिन, आणि त्याच्या जोडीला मोटर. दोन्ही मिळून २०५ पीएस. मोटरला वीज पुरवणारी निकेल मेटल हायड्राइड बॅटरी मागच्या सीटच्या पाठीमागे असते : ७.२ व्होल्टची ३४ मॉड्यूल एकामागे एक जोडलेली, एकूण २४४.८ व्होल्ट. इन्व्हर्टर तेच ६५० व्होल्टपर्यंत चढवतो. वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, एसीच्या कॉम्प्रेसरला पट्टा नाही. मिस्त्रीला इंजिन उत्तम कळत असेल तरी त्याला यातली अर्धीच गाडी कळते. दुसरी अर्धी आपण समजून घ्यायची.

गाडी बघायला सकाळी जा, आणि विकणाऱ्याला आदल्या रात्रीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत सुरू करू नका. बोनेटला हात लावून इंजिन थंड असल्याची खात्री करा. सुरू केल्यावर 'रेडी'चा दिवा लागेल, मग इंजिन गरम व्हायला काही मिनिटं चालेल आणि बंद पडेल. आता एसी फुल करा, गाडी पार्कमध्येच ठेवा आणि पंधरा मिनिटं नुसते बसून राहा. स्क्रीनवर बॅटरीच्या पट्ट्या हळूहळू उतरल्या पाहिजेत, मग इंजिन लागून त्या हळूहळू चढल्या पाहिजेत. पट्ट्या भराभर खाली येत असतील, तशाच भराभर वर जात असतील आणि इंजिन सारखं चालू-बंद होत असेल, तर बॅटरीची क्षमता घटली आहे.

त्यानंतर ओबीडीचा ब्लूटूथ डोंगल, म्हणजे गाडीच्या कंप्युटरमधली माहिती फोनवर दाखवणारा प्लग, लावा. माझ्याकडे फोनवर 'डॉ. प्रियस' हे ऍप आहे, त्यात ३४ मॉड्यूलचे जोडीजोडीने १७ ब्लॉक दिसतात. उभ्या गाडीत सगळेच ब्लॉक सारखे दिसतात, त्यावर जाऊ नका. कुणाला तरी शेजारी बसवून चढावर जोरात ऍक्सिलरेटर द्या आणि त्या क्षणी आकडे बघा. एकच ब्लॉक इतरांपेक्षा स्पष्टपणे खाली कोसळत असेल तर तो सौदा सोडा, नाहीतर पूर्ण बॅटरीचा खर्च भावातून वजा करा. कोडही वाचा. पी०ए८० म्हणजे बॅटरी बदलायची वेळ झाली. पी०एए६ म्हणजे हाय व्होल्टेजची गळती कुठेतरी बॉडीकडे होते आहे. कोड नुकतेच पुसले असतील तर गाडीच्या स्वतःच्या तपासण्या अपुऱ्या दिसतात. तसं असेल तर त्या दिवशी पैशाचं बोलूच नका.

"एकच मॉड्यूल बदलून देतो, पूर्ण बॅटरी कशाला," असं सांगणारे भेटतील. मी तसं करणार नाही. जुन्या तेहेतीस मॉड्यूलमध्ये वेगळ्या क्षमतेचं एक बसवलं की चार्ज आणि डिस्चार्ज समतोल राहत नाही, आणि काही महिन्यांत शेजारचं मॉड्यूल मान टाकतं.

डिकी उघडून गालिचा उचला, स्टेपनीच्या खड्ड्यात बोट फिरवा. गाळाची रेघ, गंजलेले नट, कुबट वास, यातलं काहीही सापडलं तर पुराच्या पाण्यातली गाडी समजा. बॅटरी तिथेच बाजूला बसलेली आहे. साध्या गाडीत पाणी शिरलं तर गालिचे बदलून भागतं, हिच्यात भागत नाही. कागदपत्रांचं नेहमीचंच : फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर फॉर्म ३५, परराज्यातली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स वेगळा.

गाडी घरी आली की मॉडिफिकेशनच्या आधी तिचा श्वास मोकळा करा. बॅटरी गार ठेवायला एक पंखा असतो आणि तो केबिनमधली हवा ओढतो. म्हणजे बॅटरीला लागणारी गार हवा तुमच्या एसीचीच. हवा आत घेणारी जाळी नेमकी कुठे आहे हे मॅन्युअलमध्ये बघा, पिढीप्रमाणे जागा बदलते. माझ्या गाडीच्या पंख्याच्या पात्यांवर धूळ आणि केसांचा नमद्यासारखा थर होता. आधीच्या मालकाकडे कुत्रा होता, ते तेव्हा कळलं.

याच जाळीने मला मोठा धडा दिला. एका ऍक्सेसरीजच्या दुकानातून मी जाड लेदरेटची कव्हरं शिवून घेतली. दिसायला फार सुंदर. मे महिन्यात साताऱ्याला निघालो, खंबाटकीच्या चढाला मागून हेअर ड्रायरसारखा आवाज यायला लागला. बाबा म्हणाले, "अरे, मागे काहीतरी घोंघावतंय." घाट संपल्यावर थांबून बघितलं तर कव्हराने जाळी अर्ध्याहून जास्त झाकलेली, आणि बॅटरीचं तापमान माझ्या गाडीत मी आजवर पाहिलेल्या सगळ्यांत वरच्या आकड्यावर. तिथेच, रस्त्याच्या कडेला, ब्लेडने ती शिवण उसवली. तेव्हापासून कुणी कव्हर शिवायला निघालं की मी आधी विचारतो : जाळी कुठे आहे ते दुकानदाराला दाखवलं का? मागे ब्लँकेट, उश्या, बॅगा ठेवतानाही हेच बघा.

दुसरी काळजी एसीची, आणि ही मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. हिचा कॉम्प्रेसर हाय व्होल्टेजवर चालतो, त्यामुळे त्याचं तेल वीज न वाहणारं असावं लागतं. एनडी-११ प्रकारचं एस्टर तेल लागतं. नाक्यावरच्या एसीवाल्याकडे बहुधा साध्या गाड्यांचं पीएजी तेल असतं, त्याच्या मशीनच्या पाइपातही तेच उरलेलं असतं. ते आत गेलं की इन्सुलेशन कमी होतं आणि पी०एए६ येऊन गाडी रेडी व्हायलाच नकार देते. गॅस भरण्याआधी तेलाचं नाव विचारा. सांगता आलं नाही तर परत फिरा.

बाकीचं थोडक्यात. इन्व्हर्टरला इंजिनपेक्षा वेगळी कूलंटची टाकी आहे, ती बघायची राहून जाते, दोन्हींत गुलाबी सुपर लाँग लाइफ कूलंटच घाला. ब्रेक पॅड फार टिकतात, कारण वेग बराचसा मोटरच कमी करते. पण त्यामुळेच पावसाळ्यात डिस्कवर गंज धरतो, अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर दाबून ब्रेक मारा. ब्रेक ऑइल बदलताना स्कॅनर लागतो, तो नसलेल्या गॅरेजात ते काम देऊ नका. १२ व्होल्टची छोटी बॅटरी डिकीत आहे. ती कमजोर झाली की डॅशबोर्डवर एकाच वेळी नको नको ते दिवे लागतात आणि लोकांना वाटतं मोठी बॅटरी गेली. आधी छोटी तपासा. जंप देताना प्लस-मायनस उलटं झालं तर नुकसान थेट इलेक्ट्रॉनिक्सचं होतं, आणि या गाडीवरून दुसऱ्या गाडीला जंप देऊ नका.

आता मॉडिफिकेशन. मी केलेलं आणि शंभर टक्के समाधान देणारं काम एकच : डॅम्पिंग, म्हणजे पत्र्याची थरथर आणि आवाज कमी करणं. इंजिन बंद असताना गाडी इतकी शांत असते की टायरचा आवाज आणि दाराची बारीक खडखड कानाला लागते. चारी दारं आणि पुढच्या चाकांवरच्या कमानींत ब्युटाइल रबराची शीट लावली. दोन रविवार गेले. डिकीत मात्र बॅटरीच्या आसपास, हवा बाहेर पडायच्या वाटेवर, एकही तुकडा लावला नाही.

म्युझिक सिस्टीम करायची असेल तर ऍम्प्लिफायरची वायर डिकीतल्या १२ व्होल्टवरून घेता येते, फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवा. सबवूफर पुढच्या सीटखालचा पातळ घ्या. डिकीत मोठा डबा ठेवून मागच्या सीटच्या पत्र्यात स्क्रू मारणारे कारागीर मी पाहिलेत. त्या पत्र्यामागे २४४ व्होल्ट डीसी आहे. ड्रिल हातात घेतलेल्या माणसाला हे तोंडाने सांगा, आणि काम होईपर्यंत तिथून हलू नका. हाय व्होल्टेजच्या नारिंगी केबलला कुणीही हात लावायचा नाही. ते काम करणाऱ्याने सर्व्हिस प्लग (बॅटरीची जोडणी तोडणारा) काढून, इन्सुलेटेड ग्लोव्ह्ज घालून, कपॅसिटर उतरायला किमान दहा मिनिटं थांबायचं असतं. आमच्या पॅनलवरही हाच नियम आहे, आणि तो मोडणाऱ्या हेल्परला मी पॅनलसमोरून बाजूला काढतो.

गाडी लांब आणि खाली आहे, आपल्या गतिरोधकांवर पोट घासतं. यावर सस्पेन्शनमध्ये स्पेसर (जाड चकत्या) टाकून उंची वाढवायचा सल्ला मिळतो. मी घेतला नाही. थकलेले शॉकअब्सॉर्बर आणि माउंटिंग बदलले, निम्मं घासणं तिथेच थांबलं. उरलेलं गाडी तिरकी घेऊन सांभाळतो. टायर मूळ मापाचेच ठेवले. मोठी अलॉय दिसतात छान, पण वजन वाढतं आणि ज्या मायलेजसाठी हायब्रिड घेतली ते घटतं. माझी गाडी शहरात लिटरला १४-१५ देते, हायवेला १७ च्या पुढे. चिप ट्यूनिंग आणि मोठ्या आवाजाचा एक्झॉस्ट या गाडीला नकोच, इंजिन आणि मोटर यांचा मेळ कारखान्यात बसवलेला आहे. सीएनजीही नको. सिलिंडर ठेवायच्या जागी बॅटरी आहे.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या मूळ तपशिलांत फरक पडेल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे सांगितलं आहे. रंग बदलायचा तर आरटीओत नोंद करा. काचांवर काळी फिल्म २०१२ पासून बंद आहे. बाबांना ऊन लागतं म्हणून मी मागे जाळीचे पडदे न लावता उन्हाच्या बाजूला टोपी आणि पंचा ठेवतो, तेवढं पुरतं.

चालवताना एक सवय मोडा. सिग्नलला न्यूट्रल करू नका. न्यूट्रलमध्ये बॅटरी चार्ज होत नाही आणि एसी तिलाच ओढत राहतो. डी मध्ये ठेवून ब्रेक धरा. घाट उतरताना गिअर बी वर, म्हणजे इंजिनने वेग रोखायच्या जागेवर, लावा. उतार लांब असेल तर बॅटरी भरते आणि जास्तीची ऊर्जा घालवायला इंजिन एकदम मोठ्याने फिरू लागतं, ते बरोबरच आहे, घाबरू नका. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर दोन-तीन महिन्यांतून एकदा तरी अर्धा तास चालवून आणा.

शेवटचं, पीयूसी. नळी लावेपर्यंत इंजिन बंद पडतं आणि केंद्रावरचा मुलगा म्हणतो, "साहेब, गाडी चालू करा." यासाठी मेंटेनन्स मोड आहे. ब्रेक न दाबता पॉवरचं बटण दोनदा दाबून इग्निशन ऑन करा. मग साठ सेकंदांच्या आत : पार्कमध्ये ऍक्सिलरेटर दोनदा पूर्ण दाबा, ब्रेक धरून न्यूट्रलमध्ये नेऊन दोनदा, परत पार्कमध्ये आणून दोनदा. आता ब्रेक दाबून गाडी सुरू करा, इंजिन आयडलला चालू राहील. या अवस्थेत गाडी चालवायची नाही, गिअरबॉक्सला इजा होते. सर्टिफिकेट हातात आलं की गाडी बंद करा, पुन्हा सुरू करा, आणि मगच केंद्राबाहेर काढा.