फसव्या फोनची फिरकी घेताय? या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात कोथरूडला आमच्या शेजारच्या काकूंना व्हिडिओ कॉल आला. खाकी वर्दीतला माणूस दरडावून सांगत होता, "तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत. तुम्हाला डिजिटल अरेस्ट झालीय, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही!" काकू म्हणाल्या, "थांबा हो साहेब, कुकरची तिसरी शिट्टी व्हायचीय." उठल्या, गॅस बंद केला आणि फोनही. डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकार आपल्या कायद्यात नाहीच. हे भामटे समोरच्याच्या भीतीवर जगतात, आणि काकूंना भीतीऐवजी कुकर आठवला.

तेव्हापासून आमच्या सोसायटीत असल्या फोनची फिरकी घ्यायची टूमच निघाली. त्यात चुकाही झाल्या.

सगळ्यात महागात पडते ती लांबवलेली गंमत. एका काकांनी चिडवायला म्हणून सांगितलं, "अहो, तुमच्या बँकेत माझं खातंच नाही, माझं तर अमक्या बँकेत आहे!" दोन दिवसांत त्याच अमक्या बँकेच्या नावाने केवायसीचा फोन हजर. बोलण्याच्या भरात बँक, वय, मुलं परदेशात असतात, असं काहीबाही निसटतं. एक वाक्य बोला आणि ठेवून द्या.

"बघू तरी काय होतं" म्हणून लिंक उघडणं, एपीके फाइल (फोनमध्ये थेट ॲप टाकणारी फाइल) घेणं किंवा स्क्रीन शेअर करणं तर अजिबात नको. स्टार ४०१ स्टार आणि पुढे एखादा नंबर डायल करायला सांगितला, तर तुमचे कॉल तिकडे वळू शकतात. ओटीपी सांगणारा कॉलसुद्धा. आणि यूपीआयवर पैसे मिळवायला पिन कधीच लागत नाही.

१४०ने सुरू होणारा नंबर म्हणजे जाहिरातीचा फोन. तिथे बहुतेक वेळा टार्गेटच्या ओझ्याखाली बसलेली एखादी मुलगी किंवा मुलगा असतो. त्यांचा पाणउतारा करण्यात कसली गंमत? "पाच रुपयांचं कर्ज मिळेल का?" असं विचारलं तर तेही हसतात. फोन नकोच असतील तर १९०९वर डीएनडी लावून घ्या.

जंक ईमेलला खोचक उत्तर पाठवू नका. पत्ता चालू आहे एवढं त्यांना कळलं, की आणखी मेल सुरू होतात. स्पॅममध्ये टाका, संपलं.

पैसे मागणारा फसवा फोन आला पण पैसे गेले नसतील, तर दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरच्या 'चक्षू' या तक्रार-सुविधेत नोंद करा. पैसे गेले असतील तर थेट १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. घरातलं कुणी फसलं असेल तर त्या वेळी एकही विनोद नको, "तुम्ही ओटीपी दिलाच कसा?" हेही नको. माणूस लाजेने गप्प बसतो, फोन करायला संध्याकाळ होते आणि तोवर पैसे तिसऱ्या-चौथ्या खात्यात गेलेले असतात.