म्युनिकला आलात? आधी शनिवार सांभाळा

नवीन मराठी कुटुंब इथे उतरलं की दोन दिवसांत फोन येतो, "ताई, भारतीय दुकान कुठे आहे?" मी उलट विचारते, आज वार कोणता? शुक्रवार-शनिवार असेल तर भारतीय दुकान राहू द्या, आधी कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटातून दूध, अंडी, कांदे-बटाटे घेऊन या. बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियात, दुकानं रात्री ८ला बंद होतात आणि रविवारी उघडतच नाहीत. रविवारची सुट्टी थेट इथल्या संविधानात आहे, त्यामुळे चडफडून उपयोग नाही. अगदीच अडलं तर मुख्य रेल्वे स्टेशनातली काही दुकानं उघडी असतात आणि सकाळी थोडा वेळ बेकऱ्या. हे कुणी सांगितलं नव्हतं म्हणून आमचा पहिला रविवार चार केळी आणि बॅगेतल्या बाकरवडीवर गेला. ईस्टरला तर शुक्रवार, रविवार, सोमवार तिन्ही बंद. मधल्या शनिवारी सुपरमार्केटात दिवाळीच्या आदल्या दिवशीची तुळशीबाग असते.

आता पीठ, कारण सगळ्यांचं घोडं इथेच अडतं. जर्मन कणकेच्या पुड्यावर आकडा असतो: ४०५, ५५०, १०५०. पीठ जाळल्यावर मागे किती राख उरते त्याचा तो आकडा. कमी आकडा म्हणजे जास्त चाळलेलं, पांढरं पीठ. ४०५ म्हणजे जवळपास आपला मैदाच. 'फोलकोर्न' लिहिलेलं पीठ पूर्ण गव्हाचं असतं, पण त्यातला कोंडा जाड, त्यामुळे नुसत्या त्याच्या पोळ्या लाटताना कडा फाटतात. मी अर्धं ५५०, अर्धं फोलकोर्न घेते, कोमट पाण्यात भिजवते आणि अर्धा तास झाकून ठेवते. पोळी फुगते. सासूबाईंच्या पोळीइतकी नाही, पण त्या इथे नसतात तेव्हा चालून जाते. पुरणपोळीला मात्र नुसतं ५५०, डोळे झाकून. रोज पोळ्या करणारं घर असेल तर भारतीय दुकानातून आट्याची १० किलोची गोण उचला आणि हा सगळा परिच्छेद विसरा.

दुधातुपाच्या बाबतीत तुम्ही नशीबवान आहात. 'क्वार्क' नावाचा डबा म्हणजे तयार चक्का. त्यातला 'मागर' हा बिनसायीचा, त्याचं श्रीखंड कोरडं होतं. ४० टक्के स्निग्धांशाचा घ्या, रात्रभर फडक्यात टांगा, साखर-वेलची घाला, झालं. ताकासाठी 'बुटरमिल्श' घ्या, कढी उत्तम होते. बिनमिठाच्या लोण्याचे पाव किलोचे पुडे मिळतात, ते कढवून तूप करा. आयतं हवं तर 'बुटरश्माल्झ' आहे, पण नाव नीट वाचा. नुसतं 'श्माल्झ' म्हणजे बहुतेक वेळा डुकराची चरबी, आणि ती त्याच फळीवर शेजारी बसलेली असते. शाकाहारी असाल तर जेली-गोळ्यांवर 'गेलाटिने' शब्द शोधायची सवय लावा. आपल्यासारखा हिरवा ठिपका इथे नसतो.

मऊ भात, खिचडी हवी? 'मिल्शराइस' नावाचा आखूड तांदूळ घ्या. आंबेमोहराचा वास नाही, पण मऊपणा आहे. मोदकांसाठी थाई तांदळाचं पीठ छान, फक्त पुड्यावर 'चिकट' प्रकार नाही ना ते बघा. पहिल्या गणपतीला मी नेमका तोच आणला. उकडपात्राचं झाकण काढलं तर एकवीस मोदकांचा एकच मोदक झाला होता. खसखस बेकिंगच्या फळीवर मिळते, निळसर-काळी. अनारशांना लावली तर फोटोत ते जळल्यासारखे दिसतात, चव तीच.

भाजीसाठी सुपरमार्केटवर अवलंबून राहू नका. तिथे कोथिंबीर कुंडीत चार काड्यांची मिळते. स्टेशनच्या दक्षिणेला, लांडवेअरश्ट्रासे आणि ग्योटेश्ट्रासेच्या बाजूला तुर्की-अरबी दुकानं आहेत. कोथिंबिरीच्या, पुदिन्याच्या घसघशीत जुड्या, भेंडी, कोवळी वांगी, मसुराची डाळ, सगळं तिथे. भारतीय दुकानात आम्ही महिन्यातून एकदाच जातो: पोहे, साबुदाणा, गूळ, तूरडाळ, आमरसाचे डबे.

एप्रिलमध्ये इथल्या लोकांसारखं खायला लागा. 'बेअरलाउख' ही लसणाच्या वासाची रानभाजी तेव्हा बाजारात येते, थालीपीठात अप्रतिम लागते. जंगलात स्वतः तोडायला मात्र जाऊ नका, तिच्यासारखीच दिसणारी विषारी पानं शेजारी उगवतात. पांढरा 'श्पार्गेल', म्हणजे ॲस्परॅगसचे कोंब, २४ जूनपर्यंत मिळतो. आमच्याकडे त्याची दाण्याचं कूट घालून भाजी होते. जर्मन शेजारीण बघून गप्प बसली, मग दुसऱ्यांदा वाढून घेतली.

घरून काय आणायचं याची यादी छोटी ठेवा: गोडा मसाला, भाजणी, मेतकूट, कोकम. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून आणायला युरोपीय संघात बंदी आहे, म्हणजे पेढे, खवा, घरचं तूप सगळं राहिलं. १४ डिसेंबर २०१९पासून ताजी फळं-भाज्याही प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन एवढ्यांनाच सूट. हापूसला नाही. आईला हे फोनवर समजावणं तुमच्यावर. मिक्सर आणलात तर विजेचा दाब तोच आहे, पण आपल्या जाड पिना इथल्या भोकात जात नाहीत, अडॅप्टर लागतो. कुकर आणायच्या आधी घरमालकाला शेगडी इंडक्शनची आहे का विचारा. ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर नुसता शोभेला.

पिण्याचं पाणी विकत घेऊ नका, नळाचं उत्तम आहे. जड आहे एवढंच: चहावर तवंग येतो आणि तूरडाळीला दोन शिट्ट्या जास्त लागतात.

आणि बाटल्या फेकू नका. पेयांच्या बहुतेक प्लास्टिकच्या बाटल्या आणि कॅनवर २५ सेंट अनामत असते, दुकानातल्या यंत्रात घातल्या की चिठ्ठी येते. हे काम मुलांना द्या, आनंदाने करतात. चिठ्ठी काउंटरवर द्यायची आठवण मात्र तुम्ही ठेवा. आमच्या फ्रिजवर गेल्या वर्षीच्या तीन अजून चिकटलेल्या आहेत.