पऱ्हाटी उपटताना डोळ्याला काडी लागली

फेब्रुवारीत वावरात पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, उपटत होतो. वाळलेली काडी सटकून उजव्या डोळ्याला लागली. डोळा उघडवेना, नुसती पाण्याची धार. शेजारच्या काकू धावत आल्या, "भाऊ, मधाचा थेंब टाक, थंडावा भेटते." जीव तुटत होता त्यांचा, पण मी नको म्हटलं. डोळा चोळला नाही, स्वच्छ पाण्यानं धुतला आणि दुपारच्या एसटीनं तालुक्याला गेलो.

डॉक्टरांनी रंगाचा थेंब टाकून निळ्या उजेडात पाहिलं. बुबुळावरचा ओरखडा हिरवा चमकत होता, मुलानं पाहिला. झाडाच्या काडीच्या जखमेत बुरशी शिरू शकते, मग पांढरा डाग पडून नजर जाते. स्टेरॉइडचे थेंब मनानं आणून टाकले तर ती आणखी फोफावते, हे त्यांनी दोनदा बजावलं. अँटिबायोटिक थेंब दिले, रोज बोलावलं. चौथ्या दिवशी डोळा बरा.

हातापायाला खरचटलं की आधी साबण-पाण्यानं धुतो. डोळ्यात मात्र मध, दूध, गुलाबपाणी काही नाही.

त्याच तपासणीत डाव्या डोळ्यात मोतीबिंदू सुरू झाल्याचं कळलं. वय 57, मला काहीच जाणवलं नव्हतं! आता दरवर्षी तपासणी, आणि वावरात पारदर्शक प्लास्टिकचा चष्मा. काकूंनाही एक आणून दिला.